थापाड्याचं फुलपाखरू

पेतीत-बार या आमच्या मासेमारांच्या गावात दर दुसऱ्या माणसाचं आडनाव लांतेन आहे. त्यामुळे आडनावाने हाक मारायची सोय नाही. मारलीच तर धक्क्यावरची निम्मी माणसं वळून बघतात. म्हणून इथे माणूस ओळखायचा तो बापाच्या आणि आज्याच्या नावाने. आमचा ओनेझिम म्हणजे मेनासच्या प्लासिदचा ओनेझिम. एवढं म्हटलं तरी ऐकणाऱ्याच्या ओठांचे कोपरे हलायला लागतात. कारण मेनास थापाड्या होता, प्लासिद त्याच्याहून मोठा थापाड्या, आणि ओनेझिमने घराण्याचं नाव काही बुडू दिलं नव्हतं.

या थापांनी कधी कुणाचं नुकसान झालं नाही, हेही सांगायला हवं. प्लासिद सांगायचा की त्याने एकदा लहान आहे म्हणून एक शेवंड पाण्यात परत सोडली, तर ती दर वर्षी मे महिन्यात त्याच पिंजऱ्यात येऊन त्याची विचारपूस करून जायची, आणि एका वर्षी पोराबाळांना घेऊन आली. ओनेझिमची नावाजलेली थाप म्हणजे मूस हरणाची. भर उपसागरात एक मूस हरीण पोहून दमलं होतं, त्याला त्याने बोटीत घेतलं, आणि पलीकडे गास्पेच्या किनाऱ्यावर उतरताना ते मान तुकवून गेलं. "आपल्याकडची माणसं एवढंही करत नाहीत," असं तो शेवटी म्हणायचा. लांब हिवाळ्यात अशी माणसं गावाला लागतात. लोक त्याला मुद्दाम जेवायला बोलवायचे. विश्वास मात्र कोणी ठेवायचं नाही, आणि त्याचंही त्यावाचून काही अडत नव्हतं.

त्याची मोठी बहीण झेलिया ही अगदी दुसऱ्या टोकाची. एका बापाची दोन लेकरं, पण सगळा खोटेपणा भावाने उचलला आणि हिच्या वाट्याला नुसता खरेपणा उरला, असं गावात म्हणत. बिशप आले होते तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "कसं झालं प्रवचन?" तर झेलिया म्हणाली, "अर्ध्यावर थांबला असतात तर छान झालं असतं." तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती म्हणाली उद्या वारा पडेल, तर लोक हवामानाच्या बातम्या ऐकत नसत. नवरा गेल्यापासून चर्चच्या वेदीची सगळी सजावट तिच्याकडे होती, आणि दर रविवारी दुपारी ओनेझिमला जेवायला घालणंही. ओनेझिमने लग्न केलं नव्हतं. का केलं नाही याची त्याच्याकडे सात-आठ वेगवेगळी कारणं होती आणि सगळी ऐकण्यासारखी होती.

तर त्या वर्षी जुलैत चर्चच्या सभागृहात मिरेय नावाची एक मुलगी फुलपाखरांवर बोलायला आली. उन्हाळाभर उपसागराच्या कडेकडेने खाजणं धुंडाळायची, हे तिचं काम. गाव फुलपाखरांसाठी जमलं होतं असं म्हणवत नाही. भाषणानंतर कोंबडीचं फ्रिको, म्हणजे आमच्याकडचं बटाटे घातलेलं कालवण, होतं आणि त्यातले पिठाचे गोळे झेलियाच्या हातचे होते. ओनेझिम शेवटच्या बाकावर बसून भूक वाढावी म्हणून जरा डोळे मिटून होता. शेजारच्याचं कोपर लागलं म्हणून त्याने डोळे उघडले, तर पडद्यावर एक फुलपाखरू.

कसलं फुलपाखरू! चहात दूध कमी पडावं तसा रंग, मिटल्या पंखावर एक काळा टिपका आणि टिपक्याभोवती फिकट कडं. बस्स. झेलियाच्या स्वयंपाकघरातले पतंगसुद्धा याहून देखणे होते.

"हे जगात फक्त आपल्या या उपसागराच्या काठी आहे," मिरेय सांगत होती. "तेही बाथर्स्टच्या बाजूच्या मोजक्या खाजणांत. याचा सुरवंट भरतीला खाऱ्या पाण्याखाली जातो, हिवाळ्यात बर्फाखाली जातो, आणि तरीही जगतो. उन्हाळ्याच्या शेवटी थोडेच दिवस त्याला पंख असतात."

ओनेझिम उठून उभा राहिला. "हे तर आमच्याकडे आहे! जुन्या धक्क्यामागच्या खाजणात. मी कितीदा पाहिलंय!"

सभागृह जे हसलं ते छप्पर हलेल असं. ल्युजेर नावाचा त्याचा जुना दोस्त, दोघांनी तीस वर्षं शेजारशेजारी पिंजरे टाकलेले, तो ओरडला, "मूस हरणाच्या पाठीवर बसून आलं असेल रे!"

मिरेय हसली नाही. बिचारीला मूस हरणाची गोष्ट ठाऊक नव्हती. "काका, तिथे आम्ही पूर्वी बघितलंय," ती म्हणाली. "सापडलं नव्हतं. पण नसेलच असं नाही. फोटो काढाल? पंख मिटलेले हवेत, टिपका नीट दिसायला हवा. गवताळ रानात याच्यासारखीच दिसणारी एक साधी जात आहे, म्हणून एवढं सांगते. फोटो मिळाला तर मी लगेच येईन."

फ्रिको खाताना ओनेझिम गप्प होता, आणि ही गोष्ट गावाच्या ध्यानात यायला हवी होती. जन्मभर त्याने थापा मारल्या आणि लोक हसले, तेव्हा त्याला गोड वाटलं. आज पहिल्यांदा तो खरं बोलला होता आणि लोक तसेच हसले होते. ते हसणं त्याला फार लागलं. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण लांडगा खरोखर आला तेव्हा त्या पोराला काय वाटलं असेल, याचा विचार कोण करतो? ओनेझिमने ठरवलं की मरण्याआधी एकदा, एकदा तरी, गावाने आपल्यावर विश्वास ठेवला पाहिजे.

कॅमेरा झेलियाच्या सुनेने दिला. ती पूर्वी लग्नांचे फोटो काढायची, त्यामुळे भिंग हातभर लांब. ओनेझिमची बोटं जन्मभर ओले दोर ओढून जाड झालेली. एक बटण दाबायला जावं तर तीन दाबली जायची. पहिल्या आठवड्यात त्याने काढलेले फोटो असे: आभाळ, स्वतःचा गुडघा, पुष्कळ गवत, आणि एका समुद्रपक्ष्याची मागची बाजू, तीही हललेली. खाजणी (मिरेयने सांगितलेलं शास्त्रीय नाव जिभेवर बसेना, म्हणून त्याने तिचं हे नाव ठेवलं) होती मात्र नक्की. गवतावरून वीतभर उंचीने, कंटाळा आल्यासारखी उडायची, आणि तो जवळ गेला की गवतात बुडी मारायची. वरून डास, आणि डासांना पुरं पडेना म्हणून हिरव्या डोळ्यांच्या माश्या. त्या चावत नाहीत, तुकडा काढतात.

मग त्याच्यातला मासेमार जागा झाला. रेडिओवर कुठेतरी त्याने ऐकलं की काही फुलपाखरांना घाणेरडे वास आवडतात. झालं! पकडायचं म्हटलं की आमिष हवं, हे त्याला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं. त्याने घरून शेवंडीच्या पिंजऱ्यासाठी ठेवलेलं हेरिंग आणलं, चांगलं मुरलेलं, आणि खाजणात काठ्या रोवून त्यावर एकेक मासा टांगला. स्वतः खाऱ्या गवतात पालथा पडून राहिला. खाजणी आल्या नाहीत. उपसागरातले सगळे समुद्रपक्षी आले. असा कालवा झाला की धक्क्यावरचे लोक हातातली कामं टाकून बघायला लागले. ओनेझिम दोन्ही हात डोक्यावर घेऊन पळत बाहेर आला तेव्हा टोपी, खांदे, भिंग, सगळं पांढरं झालेलं.

"काय रे, गळाला काय लागलं?" ल्युजेरने विचारलं.

"थट्टा कर तू!"

"थट्टा नाही. अंगावर शिक्क्यांसकट पुरावा घेऊन आलास, एवढंच म्हणतोय."

त्या फजितीचा एक फायदा झाला. दुसऱ्या दिवशी तो आमिषाविना, मुकाट्याने नुसता बघत बसला, आणि तेव्हा त्याला कळलं की खाजणीला आमिष देवानेच लावून ठेवलंय. ऑगस्ट लागला की आमच्या खाजणात बारीक जांभळी फुलं येतात, एकेका देठाला धुकं अडकावं तशी. खाजणी त्याच फुलांवर यायची. सोंड खाली, पंख मिटलेले, टिपका समोर. बाकी फुलांकडे ढुंकूनही बघायची नाही. ओनेझिमला आनंद झाला, पण तो फार वेळ टिकला नाही.

कारण ती फुलं झेलियाची होती. म्हणजे जमीन तिच्या नावावर नव्हती, पण दर वर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी ती आणि वेदीच्या बायका कात्र्या घेऊन खाजणात उतरत आणि कवळे भरभरून जांभळी फुलं नेत. पंधरा ऑगस्ट हा मेरीमातेचा आणि आम्हा आकादी, म्हणजे इथल्या जुन्या फ्रेंच वस्तीच्या लोकांचा सण. सकाळी चर्च, संध्याकाळी पातेली आणि झाकणं बडवत गावभर तांतामार. त्या सकाळी वेदी जांभळी असायचीच. उरलेली फुलं वाळवून त्यांचे गोल हार करायचे आणि हिवाळाभर थडग्यांवर ठेवायचे. ही चाल झेलिया-ओनेझिमच्या आईने सुरू केली होती.

रविवारी जेवताना त्याने विषय काढला. "झेलिया, यंदा खाजणातली फुलं तोडू नकोस."

"का? तू पेरलीस का ती?"

"खाजणी त्याच फुलांवर जगते. फुलं गेली तर खाणार काय ती?"

"कोण खाजणी?"

"ते फुलपाखरू गं. मिरेयने दाखवलं होतं ते."

झेलियाने बटाट्याचं पातेलं टेबलावर जरा जोरातच ठेवलं. "ओनेझिम, तुझ्या थापा मी पाळण्यापासून ऐकतेय. मूस ऐकला, लग्न न करण्याची सात-आठ कारणं ऐकली, मरताना बाबांनी तुला खजिन्याची जागा सांगितली तेही ऐकलं. मी कधी काही बोलले का? नाही. पण आईच्या फुलांमध्ये थापा आणू नकोस."

"अगं थाप नाही! चल, दाखवतो."

ती गेली. हे तिचं मोठेपण. नवऱ्याचे गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, डोक्याला रुमाल बांधून ती खाजणात भावाशेजारी उभी राहिली, आणि नेमका तेव्हाच वारा सुटला. वाऱ्यात खाजणी गवताच्या मुळाशी जाऊन बसते, मग तिला शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. झेलियाने डासांना बरंच रक्त दिलं, एक बूट चिखलात अडकवला, भावाच्या खांद्याचा आधार घेऊन तो काढला आणि परत निघाली.

"थांब ना जरा! वारा पडेल."

"वारा उद्यापर्यंत पडणार नाही," झेलिया म्हणाली. आणि तो पडला नाही.

फुलं तोडायच्या आदल्या दिवशी ऊन पडलं आणि वारा पडला. ओनेझिम खाजणात पालथा पडला होता. भरती चढत होती, आणि ती आज मोठी असणार हे त्याला न बघता कळत होतं. समोर हाताच्या अंतरावर जांभळ्या देठावर खाजणी येऊन बसली. पंख मिटले. टिपका दिसला. त्याने एक फोटो काढला, दुसरा काढला. पाणी पोटाखाली आलं, थंडगार. उठावं तर ती उडेल. पाणी खिशात शिरलं, मग कोपरापाशी आलं; त्याने कॅमेरा हनुवटीएवढा उचलला आणि श्वास रोखून बटण दाबत राहिला. एकाच बटणावर एकच बोट! मग ती आपणहून उडाली आणि ओनेझिम गुडघ्यांवर उठून एकटाच मोठ्याने हसला. अंगातून धारा लागल्या होत्या. आमच्या गावात सदुसष्टाव्या वर्षी इतका आनंद दुसऱ्या कुणाला झालेला मी पाहिलेला नाही.

तसाच ओला तो झेलियाच्या दारात. तिने चष्मा लावला, कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बराच वेळ बघितलं. सुंदर फोटो होता. पंखावरची लव मोजता आली असती.

"फुलपाखरू आहे," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? फुलपाखरू आहे. पण ते आपल्याच खाजणातलं कशावरून? तू काल गाडी घेऊन बाथर्स्टच्या बाजूला गेला होतास."

"टायर बदलायला गेलो होतो!"

"असंही तूच सांगतोयस."

ओनेझिम मटकन खुर्चीत बसला. फोटो खोटं बोलत नाही, असं म्हणतात. पण फोटो काढणारा बोलतो ना! फोटोचाही खरेपणा शेवटी काढणाऱ्याच्या तोंडाकडे बघूनच ठरतो, हे त्याला आज कळलं. त्याला राग आला नाही, यायला हवा होता. नुसतं खूप वाईट वाटलं. झेलियाला दोष कसा द्यायचा? तिने ओळखलेला भाऊ त्यानेच तर घडवला होता.

झेलिया त्याच्यासाठी टॉवेल घेऊन आली. तो डोकं पुसत असताना तिने भांडी विसळता विसळता, पाठ त्याच्याकडे ठेवूनच विचारलं, "केवढं असतं रे ते?"

"लहान. अंगठ्याच्या नखाहून जरासंच मोठं."

"आणि करतं काय?"

"काही नाही. बसतं."

"नुसतं बसतं?"

"थोडं उडतं. पण धड नाही उडत."

"बरं," झेलिया म्हणाली आणि नळ बंद केला. ओनेझिम उठून घरी गेला.

सकाळी तो खाजणात गेला ते फक्त निरोप घ्यायला. बायका यायला अजून वेळ होता, पण झेलिया एकटीच आधी येऊन उभी होती. हातात कात्री, बगलेत टोपली. टोपली रिकामी होती.

"तोड," ओनेझिम म्हणाला. "मी काही बोलणार नाही."

"मला रात्रभर झोप नाही. गप्प बस आणि ऐक." ती फुलांकडे बघत बोलत होती. "ही तुझी थाप असती ना, तर ते एवढंसं नसतं. सोन्याचे पंख असते त्याला. समुद्रपक्ष्याएवढं असतं ते, आणि आईच्या आवाजात भजन म्हटलं असतं त्याने. 'काही नाही, बसतं' असं तू जन्मात कशाबद्दल बोलला नाहीस. मेल्या, तुझी साधी सर्दी झाली तरी तिच्यात वादळ असतं!"

ऊन खाजणावर उतरलं. आणि मग झेलियाच्या बुटापासून जवळच एक खाजणी गवतातून वर आली, जांभळ्या देठावर बसली आणि पंख मिटून राहिली. पलीकडे दुसरी. तिच्यापलीकडे अजून दोन.

झेलिया हळूच खाली वाकली. "एवढीशी?"

"एवढीशीच."

"अगदीच साधी आहे रे."

"आहे खरी."

बराच वेळ दोघं तशीच वाकून बघत राहिली. मग झेलियाने कात्री टोपलीत टाकली. "मेरीमातेला माझ्या बागेतले डेलिया चालतील. तिने याहून मोठ्या अडचणी काढल्यात." बायकांना तिने रस्त्यावरच गाठलं, आज घरी जा, वेदीचं मी बघते, म्हणून सांगितलं, आणि कारण विचारायची कुणाची छाती झाली नाही.

ओनेझिमने फोटो पाठवला तशी मिरेय दुपारीच आली. तिने खाजणात गुडघे टेकले, भिंगातून बघितलं आणि ओनेझिमला मिठीच मारली. "काका, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय शोधलंय?" कळत होतं. भाच्याच्या बायकोने फोटो चांगल्या कागदावर मोठा छापून दिला होता आणि तो उद्या सकाळी चर्चच्या अंगणात ल्युजेरच्या नाकासमोर कसा धरायचा, याची त्याने मनात तालीमही केली होती.

"एक विनंती आहे," मिरेय म्हणाली. "निदान पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जागा कुणाला सांगू नका. माझ्या कार्यालयात मी कळवते, इथे चालायला लाकडी वाट होईपर्यंत थांबू या. एका ठिकाणी बातमी फुटली, तर लोक प्रेमाने बघायला आले, आणि प्रेमानेच सगळं गवत तुडवून गेले. सुरवंट त्याच गवतात असतात."

ओनेझिमचा चेहरा उतरला. "ल्युजेरलासुद्धा नाही?"

"ल्युजेरला तर नाहीच," झेलिया म्हणाली. "त्याला सांगायचं म्हणजे चर्चची घंटा वाजवायची."

पंधरा ऑगस्टला वेदीवर लाल-पिवळे डेलिया होते. सुंदर होते, पण सगळ्यांची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जात होती. प्रार्थना संपली आणि अंगणात बायकांनी झेलियाला वेढलं. "झेलिया, आईची जांभळी फुलं कुठंयत? असं कधी झालं नव्हतं!"

ओनेझिमने पाहिलं की झेलियाची मान लाल होत चाललीय. काय सांगायचं हे दोघांनी ठरवलंच नव्हतं. तिने हातातली पर्स या हातातून त्या हातात घेतली. सत्तर वर्षांत या बाईला हे काम कधी करावं लागलं नव्हतं.

"कुजली," ती म्हणाली. "भरतीच्या पाण्याने. सगळी. मी स्वतः बघितली."

इतकी वाईट, इतकी कोरडी थाप मेनासच्या घराण्यात कुणी मारली नसेल. पण अंगणातल्या एकाही माणसाच्या मनात शंका आली नाही. "अरेरे," बायका म्हणाल्या. झेलिया म्हणाली म्हणजे कुजली.

ल्युजेर मात्र ओनेझिमकडे वळला. "काय रे, तू तर महिनाभर तिथेच लोळत होतास. तुझं ते फुलपाखरू याच फुलांवर बसतं म्हणत होतास ना? फुलं कुजली, मग ते कुठे गेलं?"

आजूबाजूचे लोक हसायच्या तयारीने थांबले. ओनेझिमचा हात कोटाच्या आतल्या खिशापाशी गेला. कागदाची कड बोटांना लागली. एवढा कागद बाहेर काढला असता तर ल्युजेरचं तोंड बंद झालं असतं, अख्खं गाव टोपी काढून उभं राहिलं असतं, आणि दुपारपर्यंत पोराबाळांसकट सगळे खाजणात उतरले असते. त्याने झेलियाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती आपल्या बुटांकडे बघत होती.

त्याने हात खिशातून काढला. "कुठलं फुलपाखरू? थाप होती ती. आणि फुलं खरंच कुजलीत. वास सुटलाय नुसता, तिकडे फिरकूही नका."

मग ल्युजेरने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की ओनेझिम दोन पावलं पुढे गेला.

"ऐका रे सगळ्यांनी!" ल्युजेर ओरडला. "मेनासच्या प्लासिदचा ओनेझिम आज जन्मात पहिल्यांदा खरं बोलला!"

अंगणभर टाळ्या पडल्या. अगदी मनापासून. एक-दोघांनी तर येऊन हात मिळवला. ओनेझिम हसला आणि टोपी काढून सगळ्यांना वाकला.

गर्दी पांगल्यावर बहीणभाऊ झेलियाच्या घराकडे चालायला लागले. दोघं कोपऱ्यापर्यंत आली. तिथे झेलिया थांबली आणि तिने पोटावर हात ठेवला.

"नुसतं ढवळतंय रे आत. तुला दर वेळी असं होतं?"

"कधीच नाही," ओनेझिम म्हणाला. "आज पहिल्यांदा झालं."

झेलियाने त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि दोघं घरी जेवायला गेली.